डेबियनचं पॅकेज तपासायचं कसं, आणि सुधारायचं कसं: भरतीच्या एका प्रोग्रामवरून

गेल्या जूनमध्ये मालवणात पाऊस असा लागला की दोन दिवस नेट नाही, लाइट येऊनजाऊन, आणि मी आमच्याच वाडीतल्या एका पोराचं पॅकेज बिल्ड करत बसलो होतो कारण सोर्स तेवढा आधीच उतरवून ठेवलेला. डेबियन ही लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम, पॅकेज म्हणजे तिच्यात बसवायला तयार केलेला प्रोग्राम, आणि सोर्सवरून ते तयार करणं म्हणजे बिल्ड. पोरगा कॉलेजात आहे. त्याने पायथनमध्ये भरती नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिलाय, तारीख दिली की तिथी काढतो आणि तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. हा हिशोब आपल्याकडे किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ, पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, पावणेचारला भरती. शेजारचे तात्या तर ते बघून म्हणाले, "पंचमीक पावणेचाराक भरती, ह्येका कॉम्प्युटर कित्याक व्हयो?" असो. पोराला ते डेबियनमध्ये घालायचंय, म्हणाला दादा अपलोड करायच्या आधी एकदा बघ ना.

मी आळस करून थेट माझ्या लॅपटॉपवरच बिल्ड लावला आणि तो अर्ध्यात पडला. एरर बघतो तर बिल्ड चालू असताना ते नेटवरून एक लायब्ररी आणायला निघालेलं. त्याच्याकडे नेट कायम चालू, त्यामुळे त्याला कधी कळलंच नाही. बिल्ड करताना बाहेरून काही खेचून आणायचं नाही, हे डेबियनच्या पॉलिसीत स्पष्ट आहे, जे लागतं ते सगळं डेबियनच्याच पॅकेजमधून यायला हवं. म्हणजे पहिला रिव्ह्यू पावसानेच केला, मी नंतर आलो.

त्याला जे जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण प्रत्येक वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा येतो. टूलची नावं देवनागरीत लिहिलीयत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका. आणि एक गैरसमज आधीच काढून टाका, रिव्ह्यू करायला डेबियन डेव्हलपर असावं लागत नाही. अपलोडचा हक्क मोजक्यांना असतो, नवीन माणसाचं पॅकेज एखादा डेव्हलपर तपासून त्याच्या वतीने चढवतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. पण स्पॉन्सरकडे वेळ कमी असतो, त्याच्याकडे जायच्या आधी कुणीतरी चार डोळ्यांनी बघून दिलं तर त्याचं काम निम्मं होतं. ते कुणीतरी तुम्हीही असू शकता.

आधी स्वच्छ जागा तयार करा

"माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य रिव्ह्यूमध्ये बाद. तुमच्या लॅपटॉपवर शंभर गोष्टी आधीच बसवलेल्या असतात आणि पॅकेजमध्ये डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणारं दुसरं पॅकेज, लिहायची राहिली तरी ते गुपचूप चालून जातं. म्हणून एसबिल्ड वापरा. ते दर वेळी रिकाम्या, किमान सामान असलेल्या सिडमध्ये (सिड म्हणजे डेबियनची कायम बदलत राहणारी आवृत्ती) पॅकेज बिल्ड करतं आणि काम झालं की ती जागा टाकून देतं. त्यात अनशेअर मोड आहे, त्याला रूटही, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्कही, लागत नाहीत आणि त्यात बिल्डच्या वेळी नेट बंद असतं, म्हणजे माझ्या पावसाचं काम तेच करतं. पीबिल्डरही चालेल, सवयीचा प्रश्न आहे.

आमच्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी अजून एक करा, अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवा. एकदा उतरलेलं डेब, म्हणजे पॅकेजची फाइल, लॅपटॉपवरच साठतं, दुसऱ्या बिल्डला परत डेटा जात नाही. मी रात्री रेंज बरी असते तेव्हा एकदा बिल्ड मारून ठेवतो, मग दिवसा नेट गेलं तरी त्याच डिपेंडन्सीवर काम चालू राहतं. इन्व्हर्टर असेल तर उत्तम, नसेल तर मोठं सीप्लसप्लस पॅकेज, ज्याचं बिल्ड फार वेळ चालतं, ते रिव्ह्यूला घेऊ नका एवढंच सांगेन.

बिल्डच्या आधी वाचा

बहुतेक लोक सोर्स उतरवला की लगेच लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल) चालवतात, त्याने चार वॉर्निंग दिल्या की त्या कॉपी करून पाठवतात आणि झाला म्हणे रिव्ह्यू. अरे, ते तर मशीन पण करतं. बाजारात आमची आई मासा घेते तेव्हा कोळणीने वरून पाणी मारून चकचकीत केलेला बांगडा बघत नाही, कल्ला उचलून आत लाल आहे का बघते. तसं डेबियन नावाची डिरेक्टरी उघडा आणि एकेक फाइल वाचा, छोट्या पॅकेजला अर्धा तास पुरतो.

पहिली फाइल चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, आणि त्यात पहिला बघायचा तो व्हर्जन नंबर. आमच्या पोराने लिहिलं होतं १.०आरसी१. म्हणजे १.० च्या आधीची चाचणी आवृत्ती. पण डीपीकेजीच्या, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या डेबियनच्या टूलच्या, हिशोबाने १.०आरसी१ हे १.० पेक्षा मोठं ठरतं, म्हणजे उद्या खरं १.० आलं की कुणाच्याच मशीनवर अपग्रेड होणार नाही. त्याला टिल्ड लावायचा, १.०~आरसी१, टिल्ड असलं की ते खाली जातं. शंका असेल तर डीपीकेजीला कम्पेअर-व्हर्जन्स असा ऑप्शन देऊन विचारून घ्या, अंदाज करू नका. एकदा मोठा नंबर आर्काइव्हमध्ये गेला की तो खाली आणता येत नाही.

ती फजिती मोठ्यामोठ्यांचीही होते पण कारणं वेगळी असतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये चोरदार (बॅकडोर) सापडलं तेव्हा डेबियनला मागच्या आवृत्तीवर यायचं होतं, मग नंबर काय द्यावा लागला तर ५.६.१+रिअली५.४.५-१. दिसायला ५.६.१ च्या पुढचा, आत माल ५.४.५ चा.

एक्सझेडचं नाव निघालंच आहे तर टारबॉलबद्दल, म्हणजे रिलीज केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्याबद्दल, सांगतो, कारण रिव्ह्यूमधला हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत कुणीतरी चोरदार बसवलं होतं. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला डेबियन सिडवर एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर नेटवरून लॉगिन) नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं खटकलं आणि तो खोदत गेला म्हणून ते सापडलं. आणि त्यातली मेख अशी की बिल्डच्या वेळी ते चोरदार जागं करणारी एम४ फाइल रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये, म्हणजे सोर्सच्या उघड्या साठ्यात, नव्हती. गिट वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. पेटीवर देवगड हापूस छापलेलं असतं आणि आत कुठला आंबा निघतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तसंच हे. टारबॉल उघडायचा, त्याच आवृत्तीचं गिट बाजूला ठेवायचं, आणि दोघांचा डिफ, म्हणजे फरक, काढायचा. कॉन्फिगर स्क्रिप्टसारख्या तयार केलेल्या फाइल जास्तीच्या निघतीलच, पण जी फाइल का आहे ते कळत नाही तिच्याबद्दल विचारायचंच, लाज वाटायचं कारण नाही. वॉच फाइल नीट असेल तर यूस्कॅन नवीन टारबॉल स्वतः शोधून आणतं, अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रोग्राम लिहिणारा, सही करत असेल तर ती सहीसुद्धा तपासतं, तेव्हा वॉच फाइल आहे का आणि खरंच चालते का हे पण बघून घ्या.

मग कंट्रोल फाइल. यात डिपेंडन्सी तर बघाच पण डिस्क्रिप्शनही वाचा, ते कुणी वाचत नाही. पोराने लिहिलं होतं, भरतीची अचूक वेळ सांगणारा प्रोग्राम. अचूक कसली रे? भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीत आपण पंचेचाळीस धरतो, बंदर कुठलं, खाडी किती आत, काही म्हणजे काहीच यात नाही. खरं गणित करणारा एक्सटाइड नावाचा प्रोग्राम डेबियनमध्ये आधीपासून आहे. म्हणून त्याला सांगितलं की तिथीवरून ढोबळ वेळ सांगतो असं लिही, बोट घेऊन जायला यावर विसंबू नका हे पण लिही, आणि एक्सटाइड असताना हे कशाला त्याचं एक वाक्य घाल. शॉर्ट डिस्क्रिप्शन ऐंशी अक्षरांच्या आत, आणि त्यात परत पॅकेजचं नाव नको.

आर्किटेक्चरमध्ये त्याने एनी लिहिलेलं, शुद्ध पायथनला ऑल पुरतं, नाहीतर प्रत्येक प्रोसेसरसाठी उगाच वेगळं बिल्ड होतं.

रूल्स फाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या असतात तिथे, तो पावसात पकडलेला चोर होता. त्याने स्वतः पिप इन्स्टॉल (नेटवरून पायथनची लायब्ररी आणायची कमांड) लिहून ठेवलेलं. चंद्राचं गणित करायला इफेम नावाची लायब्ररी लागते म्हणून. ती डेबियनमध्ये पायथन३-इफेम नावाने आहेच, ती डिपेंड्समध्ये घातली, टेस्टसाठी बिल्ड-डिपेंड्समध्ये पण घातली, आणि चाळीस ओळींची रूल्स फाइल चार ओळींवर आली. आजकाल साध्या पॅकेजची रूल्स फाइल लांब दिसली की समजायचं कुठेतरी जुन्या पॅकेजमधून उचललंय. प्रत्येक ओव्हरराइडला, म्हणजे नेहमीची पायरी बदलणाऱ्या भागाला, विचारा की तू इथे का आहेस. उत्तर नसेल तर काढून बघा, बिल्ड झालं तर गेलं ते.

कॉपीराइट आणि पॅच, हे मशीनवर सोडू नका

नवीन पॅकेज आलं की ते न्यू नावाच्या रांगेत थांबतं, तिथे डेबियनच्या टीमची माणसं ते हाताने तपासतात आणि कॉपीराइट फाइल अपुरी असली की परत पाठवतात. म्हणून लायसन्सचेक सगळ्या सोर्सवर फिरवा पण त्यावर थांबू नका, ते फाइलच्या वरचं हेडर वाचतं, चित्र आणि फाँट त्याला कळत नाहीत. आमच्या भरतीत दोन गोष्टी निघाल्या. एक चंद्रकोरीचं आयकॉन, कुठून घेतलं विचारलं तर गूगलवरून म्हणाला. दुसरं म्हणजे लोहित देवनागरी या फाँटचा टीटीएफ तसाच्या तसा आत कोंबलेला, का तर काही मशीनवर तिथीचं नाव चौकोन चौकोन दिसतं. लोहित मोकळ्या लायसन्सचा आहे, ओएफएलचा, त्यामुळे गुन्हा नाही, पण कॉपीराइट फाइलमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता, आणि मुळात फाँट्स-लोहित-देवा हे पॅकेज असताना दुसरी प्रत हवी कशाला? उद्या फाँटमध्ये जोडाक्षराची चूक सुधारली तर ह्याच्या पोटातला जुनाच राहील. फाइल काढली, रेकमेंड्समध्ये पॅकेजचं नाव टाकलं. चंद्रकोर त्याने स्वतः काढली, इंकस्केपमध्ये, जरा काकडीच्या फोडीसारखी दिसते पण स्वतःची आहे.

पॅचबद्दल, म्हणजे पॅकेज करताना मूळ सोर्सवर केलेल्या बदलांबद्दल, मात्र मी जरा कडक आहे. डेबियनच्या इतिहासातली सगळ्यात महागडी चूक एका छोट्या पॅचची होती. २००६ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या डेबियन पॅकेजमध्ये व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलची वॉर्निंग गप्प करायला काही ओळी काढल्या गेल्या, हेतू चांगलाच होता. पण त्या ओळींतूनच रँडम आकड्यांना खाद्य मिळायचं. उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा नंबर), म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये ते उघड झालं आणि जगभरच्या लोकांना एसएसएचच्या किल्ल्या बदलत बसावं लागलं. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा पॅचेस डिरेक्टरीतला प्रत्येक पॅच उघडा आणि वरचं हेडर बघा, डेप-३ नावाची पद्धत आहे, त्यात पॅच कशासाठी, कुणाचा, अपस्ट्रीमला पाठवला का, हे लिहायचं असतं. फॉरवर्डेडच्या पुढे नो असेल तर का नो ते विचारा. वॉर्निंग जावी म्हणून मारलेला पॅच दिसला की खुर्ची पुढे ओढून बसा.

आता बिल्ड, आणि पंचमीची चतुर्थी

एसबिल्डमध्ये लावला. नेटचा प्रश्न मिटलेला, तरी टेस्ट पडली. टेस्ट म्हणते उत्तर पावणेचार यायला हवं, प्रोग्राम म्हणतो तीन. म्हणजे पंचमीच्या जागी चतुर्थी धरतोय. पोराच्या लॅपटॉपवर पास, माझ्याही लॅपटॉपवर पास, एसबिल्डमध्येच नापास. बराच वेळ दोघांनी डोकं खाजवलं आणि मग उजेड पडला. टेस्टमध्ये पहाटे चारची वेळ दिलेली, आणि प्रोग्राम मशीनचं लोकल टाइमझोन बघतो. बिल्डची मशीन यूटीसीवर चालते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले पहाटेचे चार हे त्यांचे आदल्या रात्रीचे साडेदहा. तारीख एक मागे, तिथी एक मागे, भरती पाऊण तास मागे.

हे पॅकेजचं नाही, प्रोग्रामचंच दुखणं. दुबईत बसलेल्या मालवणकराला पण चुकीची तिथी दिसली असती. प्रोग्राममध्ये एशिया/कोलकाता स्पष्ट लिहायला लावलं. परत बिल्ड, परत नापास, आता एरर वेगळा, टाइमझोनच सापडत नाही. कारण टीझेडडेटा हे पॅकेज आपल्या मशीनवर कायम असतं पण रिकाम्या बिल्डच्या जागेत असेलच असं नाही. ते डिपेंडन्सीत घातलं तेव्हा कुठे पास झालं. टेस्ट पडतेय म्हणून टेस्टच बंद करणारे पॅकेज मी पाहिलेत, रूल्समध्ये एक ओळ टाकली की टेस्ट गप्प होतात. तसं दिसलं तर आधी त्या चालू करून बघा, खजिना तिथेच असतो.

बिल्ड पास झालं की त्याच सोर्स डिरेक्टरीत परत एकदा बिल्ड करून बघा, क्लीन (बिल्डचा कचरा काढणारी पायरी) नीट लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या वेळी पडतं.

आता लिंटियन. सोर्सवर पण आणि तयार डेबवर पण चालवा, पेडँटिक ऑप्शन देऊन. प्रत्येक टॅगचं, म्हणजे तक्रारीचं, स्पष्टीकरण त्यातच मिळतं, ते वाचून मगच बोला. ई म्हणजे एरर, ते सुटायलाच हवं. बाकीचं तारतम्याने. ओव्हरराइड फाइल दिसली तर त्यात कारणाची कॉमेंट आहे का ते बघा, वॉर्निंग दिसू नये म्हणून गालिच्याखाली सारलेलं असतं कधीकधी.

मग पीयूपार्ट्स, ते पॅकेज बसवतं, अपग्रेड करतं, पर्ज करतं म्हणजे समूळ काढतं, आणि मागे काय कचरा राहिला ते सांगतं. भरतीने व्हार-लिबमध्ये तिथींची कॅश करायला एक डिरेक्टरी काढली होती आणि पर्जनंतर ती तिथेच, पोस्टआरएममध्ये (पॅकेज काढल्यावर चालणारी स्क्रिप्ट) साफ करायची राहिलेली. शेवटी ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे बसवलेलं पॅकेज खरंच चालतं का याची टेस्ट. छोट्या प्रोग्रामला दोन ओळी पुरतात, एक ठरावीक तारीख द्या आणि उत्तर जुळतं का बघा. ह्या टेस्टमुळे पुढे फायदा असा की उद्या इफेमची नवीन आवृत्ती सिडमध्ये आली आणि तिने भरती मोडली, तर टेस्टिंगमध्ये, म्हणजे सिडच्या पुढच्या पायरीवर, जायच्या आधीच ती अडते.

लिहिताना जरा माणसासारखं

रिव्ह्यू पाठवताना मी सगळ्यात वर लिहितो की मी काय काय केलं, कुठल्या आर्किटेक्चरवर बिल्ड केलं, काय वाचलं आणि काय वाचलं नाही. जावास्क्रिप्ट मला कळत नाही तर तसं सांगतो, पुढच्याला कळतं की तेवढं राहिलंय. मग अडवणाऱ्या गोष्टी, म्हणजे ज्यांच्यामुळे अपलोडच होऊ शकत नाही. किरकोळ ते खाली, आणि किरकोळ असं म्हणून. नवीन माणसाला सत्तावीस मुद्दे एका दमात दिले की तो दुसऱ्या दिवशी गायब होतो, मी स्वतः एकदा झालो होतो. शक्य तिथे पॅचच द्या, "डिपेंडन्सी चुकलीय" म्हणण्यापेक्षा दुरुस्त केलेली ओळ दिली तर त्याचा तासभर वाचतो.

आधीपासून डेबियनमध्ये असलेलं पॅकेज सुधारायचं असेल तर रीत थोडी वेगळी. हाऊ-कॅन-आय-हेल्प नावाचं पॅकेज बसवा, तुमच्या मशीनवरच्या कुठल्या पॅकेजला मदत हवीय किंवा कुणी वाली नाही ते ते सांगतं. पॅकेज निवडलं की त्याचं ट्रॅकरचं पान बघा, उघडे बग, नवीन अपस्ट्रीम, पडलेल्या टेस्ट, सगळं एका जागी असतं. बदल छोटा ठेवा, एका कमिटमध्ये एकच गोष्ट. चेंजलॉगमध्ये काय केलं याच्याबरोबर का केलं ते लिहा, आणि बगचा नंबर क्लोजेसच्या पुढे टाकला की अपलोड झाल्यावर बग आपोआप बंद होतो. जुन्या आणि नव्या सोर्सचा डेबडिफ काढून स्वतः एकदा वाचा, नेहमी एखादी नको ती फाइल आत घुसलेली असते, मग तो बगला जोडून पाठवा. मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, उत्तरच देत नसेल तर एनएमयूचा मार्ग आहे, म्हणजे मेंटेनर नसलेल्याने केलेला अपलोड, तेव्हा १.२-३ चं १.२-३.१ होतं. पण एनएमयूमध्ये फक्त बग सोडवायचा. दुसऱ्याच्या घरात गळकं कौल बदलायला गेलात तर भिंतींना रंग देऊन येऊ नका, कंट्रोल फाइलची मांडणी तुम्हाला आवडत नाही हे कारण होत नाही.

भरती अजून रांगेत आहे. परवा पोराने अजून एक बग काढला, अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण, रोज पंचेचाळीस मिनिटं सरकणारी भरती मधेच दीड तास उडी मारते. त्याला ते डेबियनच्या पॅचने सोडवायचं होतं. मी म्हटलं अरे अपस्ट्रीम पण तूच आहेस ना, मग मूळ प्रोग्राममध्ये सोडव आणि नवीन आवृत्ती काढ, स्वतःला पॅच कसला फॉरवर्ड करतोस. मग पंधराव्या तिथीला नेमकं काय धरायचं ते विचारायला आम्ही दोघं तात्यांकडे गेलो. ते जाळं शिवत बसलेले, मान वर न करता म्हणाले, "अमावस्येक बारा. ह्यां बारक्या पोराक सुद्धा ठावक आसा."